गोपिकाबाईंचं घट्ट दही

सीताबर्डी, नागपूर
२४ नोव्हेंबर १९२९

मामा,

हा नमस्कार हात धुऊन करतो आहे, कारण भजी खाऊन आत्ताच खोलीवर आलो. वैद्यांनी तुमचं तोंड बांधलं, पेजेवर बसवलं, आणि तुम्ही हुकूम सोडलात की मुकुंदानं नागपुरात खावं आणि मामांनी सावंगीत वाचावं. असा हुकूम रोज यावा.

मालधक्क्यावरच्या कचेरीत कारकुनी मिळाल्यापासून माझं सगळं जेवणखाण स्टेशनाच्या आसपासच चालतं. फाटकाबाहेर पहिला लागतो तो चहावाला. त्याचा चहा प्यायला की माणूस जागा होतो, पण चहामुळे नव्हे, पेल्याच्या वासामुळे. त्याच्या शेजारी मारवाड्याची पुरीभाजी. पुऱ्या फुगलेल्या, मालकही फुगलेला, भाजीत बटाटा मात्र शोधावा लागतो. समोर 'शुद्ध ब्राह्मणी खाणावळ' अशी पाटी आहे. तिथे पानावर बसण्याआधी जात विचारतात आणि वरण वाढल्यावर आपल्याला विचारावंसं वाटतं, हे वरण कोणत्या जातीचं? मी कुणब्याचा म्हटल्यावर मला ओसरीवर वेगळा पाट दिला. वरण मात्र आत-बाहेर सारखंच पातळ होतं, एवढा एक न्याय तिथे आहे.

इतवारीच्या गाडीनं गेलं तर त्या स्टेशनाजवळ एक म्हातारा चिवडा करतो. लसूण सोलत नाही, सालासकट तळतो. तो चिवडा खाऊन साहेबासमोर उभा राहिलो, तर साहेबानं सही लवकर केली आणि मला लवकर घालवलं. मोमिनपुऱ्याच्या वाटेवर काय खाल्लं ते मामींना वाचून दाखवणार नसाल तरच पुढच्या पत्रात लिहीन.

आई गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत, अमरावतीला ठेवून शिकवलंत. त्या उपकाराची फेड भज्यांच्या वर्णनानं होणार नाही हे मला कळतं. पण सध्या तेवढंच हातात आहे.

तुमचा
मुकुंद


सावंगी, तालुका काटोल
३ डिसेंबर १९२९

चि. मुकुंदास,

आशीर्वाद तर आहेतच. पत्र दोनदा वाचले आणि पेज तशीच टाकून उठलो. तुझी मामी इंदुताई माझ्यावर रागावली आणि मग तुझ्यावर.

तू खाण्यात एवढा हुशार आहेस तर डोळेही उघडे ठेव. घरची गोष्ट तुला ठाऊक आहे. माझा मुलगा दादा जाऊन पाच वर्षे झाली. त्याच्या मागे त्याची बायको सत्यवती, दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या गर्दीत, माझ्या नातीला घेऊन घरातून निघून गेली. नागपूर स्टेशनवर उतरताना गावच्या एकाने तिला पाहिले होते. पुढे पत्ता नाही. तू तिला ओळखणार नाहीस. लग्नात तू गोवराने पडला होतास, आणि सुट्टीत येत होतास तेव्हा ती पदराआड असे.

उत्तरा आता दहा वर्षांची झाली. नरखेडकडच्या शालिकरामला मी शब्द दिला आहे. त्याची दुसरी बायको गेल्या साली वारली. वय थोडे जास्त आहे, चाळिशीच्या पुढे, पण त्याचा संत्र्याचा बगिचा आपल्या बांधाला लागून आहे आणि माणूस दमदार आहे. मुलींच्या लग्नाच्या वयाचा नवा कायदा एप्रिलपासून लागतो. नंतर चौदा वर्षांपर्यंत थांबावे लागेल, आणि शालिकराम थांबणार नाही. सगळे गाव घाई करून राहिले आहे, मीच मागे राहिलो.

पळून गेलेली विधवा करणार काय? कुठे तरी भांडी घासत असेल. खाणावळींच्या मागच्या दारी नजर टाकत जा. दिसली की कळव.

बाबाराव


सीताबर्डी, नागपूर
११ डिसेंबर १९२९

मामा,

आधी कडू ते सांगतो, मग गोड. वहिनी दिसल्या तरी मी कळवणार नाही. रागवा, मनीऑर्डर बंद करा, पण हे काम मला सांगू नका. दहा वर्षांची पोर त्या माणसाला द्यायची कल्पनाच मला सहन होत नाही. वहिनी जिथे असतील तिथे सुखानं असोत. मी भांडी घासणाऱ्या बायांच्या तोंडाकडे बघत फिरणार नाही. झालं. आता जेवायला बसू.

मालधक्क्याच्या मागच्या रस्त्याला टिनाच्या छपराखाली एक खाणावळ सापडली. पाटी नाही. चालवणारी गोपिकाबाई. कपाळावर आठ आण्याएवढं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, बोलणं कमी. नवरा बिलासपूरला रेल्वेत आहे म्हणते. आमची सगळी कचेरी आता तिथेच जेवते आणि पाटीवाला ब्राह्मण आमच्याकडे बघून उसासे टाकतो.

मामा, तिच्या हातचा गोळाभात! भात मोकळा, बेसनाचे गोळे हलके, वरून लसणाची फोडणी स्वतः ओतते, दुसऱ्या कुणाला पळी देत नाही. जवसाची चटणी, काट्याची वांगी, भाकर तव्यावरून पानात. पहिल्या दिवशी खाताना मी बोलायचाच थांबलो, यावरून काय ते समजा.

आणि दही. मडकं आडवं केलं तरी हलत नाही, कवड्या पाडून घ्याव्या असं. पण यात एक गंमत आहे. बाई 'कवडी' हा शब्द काही केल्या उच्चारत नाही. आमच्यातला कुणी म्हणाला, "बाई, कवडीचं दही द्या," की ती म्हणणार, "घट्ट दही म्हना नं बाबू." एकदा भाजीवाली तिला म्हणाली की ही वांगी कवडीमोल देऊन राहिले, तर बाई म्हणे, "हो, फुकटच म्हन की." आता कचेरीतले लोक मुद्दाम छेडतात. काल मीच तिला विचारलं की समुद्रातून शंख निघतो, शिंपला निघतो, आणखी काय निघतं? ती म्हणाली, "मीठ निघते. वाढू काय?" सगळी पंगत हसली. तिच्या नवऱ्याचं नाव कवडीमल असावं असा माझा निकाल आहे. म्हणजे बाई मारवाड्याची निघाली!

तुम्ही पेज पिताना हे दही आठवा.

मुकुंद


सावंगी
१९ डिसेंबर १९२९

चि. मुकुंदास,

तू सरळ बोललास ते मला आवडले. भाच्याने मामाला आडून उत्तर देऊ नये. मी तो विषय सोडला, तूही सोड. मनीऑर्डर नेहमीप्रमाणे पोचेल.

मला फक्त गोळाभात सांग. ती गोळा वळल्यावर त्यात अंगठ्याने खळगा पाडते काय? तुझ्या मामीची ती रीत आहे, खळग्यात फोडणीचे तेल थांबते. बाहेर मी हे कुठे पाहिले नाही. पाडत असेल तर एकदा तिच्या हातचे खायलाच हवे. वैद्य म्हणतो की संक्रांतीनंतर मला सगळे खाता येईल.

बाबाराव


सीताबर्डी, नागपूर
२७ डिसेंबर १९२९

मामा,

तुमची जीभ सावंगीत बसून नागपूरचं चाखते! पाडते, अंगठ्यानंच पाडते. म्हणूनच मला तिथे घरी बसल्यासारखं वाटतं, आणि इतके दिवस ते का वाटतं हे मला समजत नव्हतं. तुम्ही जरूर या. मी स्टेशनवर उतरवून घेईन आणि सरळ पाटावर नेऊन बसवीन. बाईला आधी सांगत नाही. मोठा मालगुजार येणार म्हटलं की ती घाबरून मीठ जास्त घालेल.

मुकुंद


सीताबर्डी, नागपूर
१० फेब्रुवारी १९३०

मामा,

तुम्ही शनिवारी उत्तराला घेऊन गेलात. तेव्हापासून मी जेवलो नाही असं लिहिलं तर तुम्ही हसाल, म्हणून लिहीत नाही.

तुम्ही मला फसवलंत. मी किती मिरवत तुम्हाला तिथे नेलं! पाटावर तुमच्या शेजारी बसलो. बाई चुलीकडे तोंड करून होती. तुम्ही पागोटं काढून मांडीवर ठेवलंत आणि जेवलात, सगळं जेवलात, दुसऱ्यांदा भात मागून घेतलात. मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो, आवडलं की नाही म्हणून. मग तुम्ही म्हणालात, "कवडीचं दही हाय काय वं?" ती न बघताच म्हणाली, "घट्ट दही हाय." आणि तुम्ही हळूच म्हणालात, "नाव घे ना वं सूनबाई. कवडूले मरून पाच वर्सं झाली. आता कोनाले भेतं?"

तिनं पळी नीट तव्यावर ठेवली आणि डोक्यावर पदर ओढला, घरात ओढतात तसा. दादाचं नाव कवडू होतं हे मला त्या क्षणी कळलं.

तुम्हाला पोर हवी होती तर पोरीचं बोलायचं. पण तुम्ही उभं राहून साऱ्या पंगतीला सांगितलंत की ही विधवा आहे, हिचं कुंकू खोटं आहे, आणि तुम्ही सगळे दोन वर्षं हिच्या हातचं सवाष्णीचं म्हणून खाऊन राहिले. माझ्याच कचेरीतले लोक, रोज तिच्याकडून भाकर मागून घेणारे, अर्ध्या पानावरून उठले. एकानं तर तोंडातला घास अंगणात टाकला. ज्या पाटीवाल्याची आम्ही टिंगल करायचो तोही येऊन दारात उभा राहिला. तुम्ही तिला कुंकू पुसायला लावलंत. तिनं पुसलं. तिचा पदर काळा झाला, कारण चुलीची काजळी हाताला होती.

उत्तरा सीताबर्डीच्या शाळेतून आली तेव्हा तुम्ही हात धुऊन खाटेवर बसला होतात. तिथे तिला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वहिनी तुमच्या पायावर पडून एवढंच म्हणाल्या, "मले ठेवा मामंजी, शेनगोठा करतो, पन तिले चार वर्सं द्या." तुम्ही मला तिकिटं आणायला सांगितलंत आणि मी आणली. तीन आणली. लहानपणापासून तुम्ही सांगितलं की मी उठतो, तसाच उठलो.

आता हात जोडून सांगतो, हे लग्न थांबवा. शालिकरामला दुसरी कुणीही मिळेल. उत्तराच्या शिक्षणाचा खर्च मी करीन, माझ्या पगारातून करीन. तुमच्या बहिणीचा मुलगा म्हणून एवढं एकदाच मागतो.

मुकुंद


सावंगी
१७ फेब्रुवारी १९३०

चि. मुकुंदास,

तुझे रागाचे पत्र जपून ठेवले आहे. तुझी लेखणी रागातही चवीची आहे.

मी तुला फसवले नाही. तू म्हणालास की दिसली तरी कळवणार नाही, आणि तू बोलल्याप्रमाणे वागलास. तू तिला शोधले नाहीस. तू जेवलास आणि मामाला प्रेमाने लिहिलेस, एवढेच. यात तुझा दोष कुणी काढणार नाही, मी तर मुळीच नाही.

नावाचे सांगतो, म्हणजे तुझा जीव शांत होईल. दादाच्या आधीचे आमचे दोन मुलगे पाळण्यातच गेले. म्हणून तो झाला तेव्हा सुईणीला एका कवडीला विकला आणि परत विकत घेतला, आणि कवडू नाव ठेवले. शाळेत कृष्णराव लिहिले आणि सगळे दादा म्हणू लागले. कवडू म्हणायचे ते मी आणि तुझी मामी. सूनबाई घरात आली तेव्हा तेरा वर्षांची होती. एकदा दही वाढताना तिच्या तोंडून तो शब्द निघून गेला. तुझ्या मामीने तिला कोठीत कोंडले आणि तिने नाक घासेपर्यंत अन्न दिले नाही. त्यानंतर तो शब्द तिने कधी काढला नाही. घर सोडले, नाव बदलले, कपाळ रंगवले, पण ते काही सुटले नाही. तुझ्या मामीला मी हे सांगितले तेव्हा तिला फार समाधान वाटले. वळण लावले तर असे लावावे, म्हणाली.

सत्यवती घरीच आहे. लग्नाला स्वयंपाकाचे हात लागतीलच. मुहूर्त ११ मार्चचा धरला आहे. तू ये. तुझ्या साहेबाला माझे पत्र गेले की रजा मिळेल. ही नोकरीही माझ्याच पत्राने मिळाली होती, हे तू विसरला नसशील.

बाबाराव


सीताबर्डी, नागपूर
२६ फेब्रुवारी १९३०

रुपराव गुरुजी यांस,

तुम्ही मला सावंगीच्या शाळेत बाराखडी शिकवलीत, त्या ओळखीवर हे पत्र तुमच्या नावानं पाठवतो आहे. आतला कागद सत्यवतीवहिनींसाठी आहे. घरातले पुरुष शेतावर गेले की त्यांना वाचून दाखवा आणि मग जाळून टाका. गावात माझा विश्वास तुमच्याशिवाय कुणावर नाही.

वहिनी,

तुम्हाला मी तोंड दाखवण्यालायक नाही, तरी हे ऐका. पुढच्या आठवड्यात गुरुवारी, ६ मार्चला, सकाळच्या गाडीनं मी काटोलला उतरेन. स्टेशनाबाहेर चिंचेखाली चहाचं दुकान आहे, तिथे थांबेन. तुम्ही उत्तराला घेऊन काही निमित्तानं काटोलला या. गुरुवारी तिथे बाजार असतो, गावच्या बाया येतातच. पुढच्या गाडीनं आपण जबलपूरला जाऊ. तिथे माझा एक मित्र मुलींच्या शाळेत मास्तर आहे, त्यानं तुम्हा दोघींना ठेवून घ्यायचं कबूल केलं आहे. कायदा लागेपर्यंत लपायचं आहे, मग कुणी तिला हात लावू शकणार नाही. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. दुसरं काही सुचवू नका, गुरुजींना 'हो' एवढंच सांगा. उत्तर आलं नाही तरी मी येणार आणि थांबणार.

मुकुंद


सावंगी
७ मार्च १९३०

चि. मुकुंदास,

आजवर तू लिहायचास आणि मी वाचायचो. आज मी लिहितो.

रुपराव गुरुजींची शाळा माझ्या गोठ्याच्या माडीवर भरते, हे तुझ्या ध्यानातून गेले असावे. त्यांनी तुझे पाकीट न फोडता माझ्या हातात दिले. भला माणूस आहे, त्याच्यावर राग धरू नकोस. पत्र वाचून मी शालिकरामला निरोप पाठवला आणि भटजीला बसवून काल सकाळचाच मुहूर्त काढून घेतला. तू काटोलला उतरलास तेव्हा इकडे मंगलाष्टके चालू होती.

जेवण उत्तम झाले. पुरणपोळ्या, वांग्याची भाजी, भरड्याचे वडे, कढी, साखरभात. सगळे सत्यवतीच्या हातचे, दोन बाया तिच्या हाताखाली होत्या. मला आता काही बाधत नाही, मी चार पोळ्या खाल्ल्या. शालिकरामने तर सगळ्यांदेखत विचारले की ही बाई सोबत पाठवता काय. सगळे हसले. उत्तरा होमाच्या धुरात पेंगली, तेव्हा तिच्या मामेसासऱ्याने तिला उचलून सप्तपदी करवली. जाताना ती रडली, पण नंतर दमणीत झोपून गेली असे गाडीवाला सांगत होता.

दमणी शिवेबाहेर गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसलो आणि तुझा कागद सत्यवतीला वाचून दाखवला. तिच्यासाठी आलेले पत्र तिला न ऐकवणे मला बरे वाटले नाही. अगदी शब्दन्‌शब्द वाचला, चिंचेखालच्या चहाच्या दुकानासकट. ती खरकटी पातेली घासत होती. पूर्ण ऐकून घेतले आणि मला एवढेच विचारले, "भाऊजी तिथं अजून उभे असतीन काय?"

मी म्हटले, गाडी केव्हाच गेली. मग तिने पुढचे पातेले ओढून घेतले.

चहा कसा होता ते लिही.

बाबाराव